गोलकीपर गेल्याची बातमी

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी वेबसाइट लागली, आणि ती मीच हौसेनं लावून घेतली होती.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात होतो. कोणत्या गावच्या प्लॉटवरून किती बियाणं आलं, त्याची उगवण कशी आहे, हे कॉम्प्युटरवर चढवायचं माझं काम. रोजचा रिपोर्ट मुख्य कचेरीला पाठवायला म्हणून इंटरनेट घेतलेलं. ते फोनच्या लाइनवर चालायचं आणि जोडलं जाताना असं किंचाळायचं, की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. कारण रिपोर्ट गेला तरी मी लाइन तशीच ठेवायचो आणि आमच्या फुटबॉल क्लबचं पान उघडायचो. साहेबांच्या केबिनचं दार वाजलं की माझा हात आपसूक स्क्रीनच्या बटणाकडे जायचा. एकदा साहेबांनी विचारलं, "सारखा स्क्रीन काळा का असतो तुमचा?" मी म्हणालो, डोळ्यांना त्रास होतो. त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथे खरोखरच नंबर निघाला. तेव्हापासून चष्मा आहे.

जालन्यात फुटबॉल खेळतात हे जालन्याच्याच लोकांना सांगावं लागायचं. आमच्या क्लबातली पोरं लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, गॅरेजात, बियाण्याच्या गोदामात कामाला. मैदान म्हणजे स्टेशनच्या बाजूची मोकळी जागा, जिथे क्रिकेटवाले उठेपर्यंत थांबायचं. मी खेळाडू नव्हतो. चेंडू अंगावर आला की मी आजही डोळे मिटतो. मी बघणारा. पण असा बघणारा, की घरी येऊन आईला आणि बायकोला अख्खी मॅच पुन्हा सांगायचो, आणि दोघी भाकरी थापता थापता हुं हुं करायच्या. ऐकणारं दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून मी वेबसाइट काढली.

फुकट जागा देणारी एक परदेशी साइट होती, तिथे. हिरवं पान, कोपऱ्यात टप्पे खाणारा चेंडू, खाली किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. तो आकडा बहुतेक माझ्याच भेटींनी फुगायचा. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसत, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. शेवटी वाचणाऱ्यांनी चार ओळी लिहाव्यात म्हणून गेस्टबुक. त्यात खरा, नेमानं लिहिणारा वाचक एकच होता: आमच्या गोलकीपरचा मोठा भाऊ.

तो सौदीत ट्रेलर चालवायचा. शुक्रवारी तिकडे सुट्टी. दुपारचं जेवण झालं की तो कुठल्याशा इंटरनेटच्या दुकानात बसून आमचं पान उघडायचा. "धाकट्याला म्हणावं, पुढं पळत जाऊ नको, जागा धर." असं काहीबाही लिहायचा. मी ते छापून ग्राउंडवर न्यायचो. गोलकीपर वाचायचा, कागदाची घडी करून मोज्यात घालायचा, आणि पुन्हा पुढं पळत जायचा. तो मिलमध्ये भट्टीजवळ कामाला होता. वडील नव्हते. आई शहागडजवळच्या गावी शेत सांभाळून होती.

एका रविवारी आमची पोरं अशी काही रंगात आली, की चेंडू आमच्या अर्ध्यात येईचना. गोलकीपर दोन खांबांच्या मध्ये कमरेवर हात ठेवून नुसता उभा. तेवढ्यात एक कावळा आला आणि सरळ त्याच्या डोक्यावर बसला. चांगला बसला, इकडेतिकडे बघितलं आणि उडाला. मैदान हसून हसून लोळलं. मीही. मॅचच्या वर्णनात मी लिहिलं, की आमच्या गोलकीपरला इतकं कमी काम होतं की कावळ्याला तो तिसरा खांब वाटला. मोठ्या खुशीत होतो मी त्या वाक्यावर.

त्या आठवड्यात गोलकीपर हरभऱ्याच्या काढणीसाठी गावी गेला.

शुक्रवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. मंठ्याकडून त्याचे मामा बोलत होते. मामा आपल्या शेतात आमच्या कंपनीसाठी बियाण्याचा प्लॉट करायचे, म्हणून माझ्या ओळखीचे. ते रडत होते. मग एकदम म्हणाले, "गेलं हो लेकरू. आमचं लेकरू गेलं." मी विचारलं, कोण? त्यांनी भाच्याचं नाव घेतलं. कसं काय, तर "घरून निरोप आला, तेवढंच. मी निघून राह्यलो." फोन बंद.

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. आणि बसल्यावर, रोज बसल्यावर जे करायचो तेच केलं. लाइन जोडली, पान उघडलं आणि लिहिलं: आमचा गोलकीपर आपल्याला सोडून गेला. त्याचा फोटो टाकला, भोवती काळी चौकट केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चौकटीची जाडी बघत होतो. यात माझं काय चुकलं, हे मला आजही कुणी सांगावं. सख्खा मामा रडत फोन करतो, त्याच्याकडे काय मी दाखला मागू?

शुक्रवारी एमआयडीसीत मिलला सुट्टी असायची, पोरं घरीच होती. कुणाच्या तरी ओळखीनं जीप मिळाली. हार घेतला. अंबड मागे पडलं. आमचा सेंटर फॉरवर्ड, आडदांड माणूस, टोपी तोंडावर ओढून बसला होता. मी मात्र एकच विचार करत होतो, की मला मेलेलं माणूस बघवत नाही. सगळ्यांच्या मागे उभा राहीन, असं ठरवलं होतं.

गावात पोचलो तर घरासमोर माणूस नाही. तिरडी नाही, रडण्याचा आवाज नाही. ओसरीत एक शेळी रवंथ करत बसलेली. आम्हाला वाटलं, उशीर झाला, माती उरकली. आणि आतून हातात अर्धी भाकरी घेऊन गोलकीपर बाहेर आला.

सेंटर फॉरवर्ड मट्‌कन खाली बसला. हार माझ्या हातात होता, तो सुटला. गोलकीपरचं तोंड घासानं भरलेलं, त्यानं हातानंच खूण केली, की थांबा, सांगतो.

सांगितलं त्याच्या आईनं. ती त्याच्यामागून आली, आधी आमचे सुजलेले डोळे नीट निरखून बघितले आणि विचारलं, "रडले का रे समदे?"

आम्ही माना हलवल्या.

"बराबर झालं," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून तिनं पदरानं तोंड पुसलं.

कावळा जिवंत माणसाच्या डोक्यावर बसला म्हणजे मरणाचा सांगावा. त्यावर तोडगा एकच. जवळच्या नातलगाला त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. कुणीतरी खरं समजून, खऱ्या डोळ्यांनी रडलं पाहिजे. मरणाला वाटतं आपलं काम झालं, ते परत जातं. मग दुसऱ्या दिवशी नातलगाला खरं सांगायचं, त्याला गोड खाऊ घालायचं. लेकानं हसत हसत कावळ्याची गंमत सांगितली, तेव्हा या बाईच्या हातातलं ताट पडलं होतं. तिनं शहागडच्या एसटीडी बूथवरून आपल्या भावाला, मंठ्याच्या मामांना, निरोप दिला होता. नियमाप्रमाणे एकट्या भावाला. तो आम्हाला फोन करेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "पर तुमी बी रडले, लई चांगलं झालं," ती म्हणाली. "जेवढे जास्त तेवढं चांगलं."

पोरं आता गोलकीपरवर तुटून पडली होती. कुणी त्याला बुक्क्या मारत होतं, कुणी मिठ्या. मीही हसत होतो. चहा आला. चहाचा पहिला घोट घेता घेता मी त्या माउलीला सहज विचारलं, "आणि मोठ्याला? त्यालाही कळवलं होतं का?"

"छ्या," ती म्हणाली. "त्याला कशाला? परमुलखात एकटं लेकरू, हातात एवढी मोठी गाडी. रडत रडत गाडी चालवंल तर? त्याला बिलकुल कळू दिलं न्हाई मी."

मी कप खाली ठेवला.

मी गोलकीपरला ओढत घराच्या मागे नेलं आणि सांगितलं. "काढा ते," तो म्हणाला. "जल्दी काढा. आज शुक्रवार हाय." तो आमच्याबरोबर जीपमध्ये चढायला निघाला, तर आईनं त्याचा हात धरला. मामा अजून वाटेतच होते; त्यांना खरं कळेपर्यंत त्यानं गावाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. आणि तिला कारण सांगायची आमच्या दोघांचीही छाती नव्हती.

सौदी आपल्यामागं अडीच तास. म्हणजे आपल्याकडे दुपार कलली की तिकडे जेवणाची वेळ. जीप हाकणाऱ्याला मी सारखा म्हणत होतो, हाण. रस्त्यात उसाचे ट्रक, बैलगाड्या. मी वाटेतल्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरकडे बघत होतो. एक जण स्टीअरिंगवर कोपरं टेकून गाणं म्हणत होता. मला वाटलं, हा माणूस किती सहज धरून बसला आहे सगळं. एक हात जरा हलला तर? मी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे वाळवंट दिसायला लागलं. मी वाळवंट कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते आमच्या मंठ्याकडच्या माळासारखंच दिसत होतं, फक्त संपत नव्हतं.

जालन्यात पोचलो तर ऑफिस सुटून कुलूप लागलं होतं. मी शहरातल्या इंटरनेटच्या दुकानात गेलो. पासवर्ड तीनदा चुकला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बटणं जरा हळू दाबा, कीबोर्ड नवा आहे." पान वरून खाली हळूहळू उतरत आलं, आधी हिरवा रंग, मग चेंडू, मग काळी चौकट. मी ती काढण्याआधी गेस्टबुक उघडलं. का उघडलं, माहीत नाही. नसतं उघडलं तर आणखी चार मिनिटं सुखात गेली असती.

त्यानं लिहिलं होतं: "कधी झालं? आई कशी आहे?"

बास. एवढंच.

मी बातमी काढली. तिच्या जागी लाल, मोठ्या अक्षरांत लिहिलं, की बातमी खोटी होती, गोलकीपर जिवंत आहे, ठणठणीत आहे, मी स्वतः त्याला भाकरी खाताना पाहिलं आहे. गेस्टबुकातही तेच लिहिलं. आणि उत्तराची वाट बघत बसलो. दुकानदारानं शटर अर्धं ओढलं तेव्हा उठलो.

उत्तर आलं नाही.

दर रविवारी तो शहागडच्या बूथवर फोन करायचा आणि बूथवाला त्याच्या आईला बोलावून आणायचा. त्या रविवारी फोन आला नाही. ती तासभर बसून परत गेली. "कामात असंल," म्हणाली. हे मला गोलकीपरनं सांगितलं, तो आता मिलवर परत आला होता. आम्ही दोघं रोज भेटायचो आणि एकमेकांकडे न बघता उभे राहायचो. त्याच्याकडे भावाच्या कंपनीचा नंबर नव्हता. पत्ता होता तो एका पोस्टाच्या पेटीचा. तिकडे जाऊन आलेल्या एका माणसाला आम्ही विचारलं. तो म्हणाला, ट्रेलरवाले एकदा माल घेऊन निघाले की आठ-आठ दिवस पत्ता नसतो, काळजी करू नका. मग त्यानं आपणहून तिकडच्या रस्त्यांवरच्या अपघातांची वर्णनं सांगायला सुरुवात केली. आम्ही उठून आलो.

मला जेवण जाईना. ऑफिसात फोन वाजला की मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायचो. बायको म्हणाली, "एवढं काय घाबरायचं? वाचलं असेल त्यानं तुमचं लाल अक्षर." मी तिच्यावर ओरडलो. तिला काय सांगणार? मला सारखी त्याची आई दिसायची, भिंतीला टेकलेली, "त्याला बिलकुल कळू दिलं न्हाई" म्हणणारी. तिनं कुणी रडायचं आणि कुणी नाही, हे एवढं जपून ठरवलं होतं. आणि तिनं वगळलेल्या नेमक्या माणसाच्या पुढ्यात मी फोटो आणि काळी चौकट नेऊन ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी साहेब बाहेर येऊन म्हणाले, "तुमचा फोन. परदेशातून आहे." वेबसाइटवर संपर्कासाठी मी ऑफिसचाच नंबर टाकला होता, हे साहेबांना त्या क्षणी कळलं. एरवी मी तिथेच मेलो असतो. त्या दिवशी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"भाऊ," तिकडून आवाज आला. अगदी थंड. "दहावं कोन करनार?"

मी ओरडलोच, "अहो, कशाचं दहावं! तो जिवंत आहे! खोटी बातमी होती, तुमच्या आईनं कावळ्यापायी..." मी भराभर सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "ते लाल अक्षरातलं वाचलं मी. आईनं लिहायला लावलं न तुम्हाला?"

"नाही हो!"

"वडील गेले तव्हा बी मला 'शिरेस हाय, काळजी करू नको' म्हनून सांगितल्तं. मी इथं पंधरा दिवस देवाला हात जोडून राह्यलो. तव्हा तिकडं तेरावं बी झाल्तं." त्याचा आवाज अजूनही थंड होता. "बाहेर असलेल्या मानसाला आपल्याकडं खरं कोनी सांगत न्हाई, भाऊ. तुमी पहिल्यांदा सांगितलं, तेच खरं. मी फक्त दहाव्याचं विचारून राह्यलो."

आपल्याकडची रीत मला माहीत नव्हती असं थोडंच आहे? मीसुद्धा लोकांना असंच कळवलं आहे, सीरियस आहे, निघून या. मी त्याला फक्त एवढंच म्हणालो, की एका तासानं परत फोन करा. तुमच्या आईची शपथ आहे. त्यानं फोन ठेवला.

मी साहेबांची मोटारसायकल घेतली. विचारून घेतली की नाही, आठवत नाही. मिलचा मुकादम भट्टी चालू असताना माणूस सोडायला तयार नव्हता, मी त्याच्यापुढे चक्क हात जोडले. गोलकीपर आला तसाच, डोक्याला फडकं, हातात भट्टीवरचे जाड हातमोजे. ऑफिसात फोनजवळ आम्ही दोघं उभे. साहेब केबिनच्या दारात उभे. कुणी कुणाला बसा म्हणालं नाही. तास होऊन गेला. फोन वाजेना. गोलकीपर म्हणाला, "न्हाई करायचा तो. म्या वळखतो त्याला."

मग वाजला.

गोलकीपरनं उचलला. "दादा," तो म्हणाला. "मी हाय."

तिकडून काहीच नाही. आम्हाला वाटलं लाइन कटली. गोलकीपर म्हणाला, "दादा, ऐकू यून राह्यलं का?" मग त्यानं आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बोलत जा म्हनतोय. थांबू नको म्हनतोय."

त्यानं परवाची मॅच सांगायला सुरुवात केली. कोणाचा पास कुणाला गेला, त्यांच्या डावखुऱ्यानं कसा कोपऱ्यातून मारला, हा कसा पुढं पळत गेला नाही, जागा धरून उभा राहिला आणि चेंडू छातीवर घेतला. सगळी मॅच सांगितली, शिट्टीपर्यंत. मध्ये मध्ये रिसीव्हरमधून एक आवाज येत होता, तो रडण्याचा आहे हे मला उशिरा कळलं. मग बराच वेळ गोलकीपर नुसता ऐकत राहिला. "हाव," म्हणाला. "हाव, दादा." आणि फोन ठेवला.

तो खाली बियाण्याच्या पोत्यावर बसला. हातमोजे काढले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हनला, दोनदा स्टेरिंग सोडून दिल्तं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "खाली खोल होतं, म्हनला. दोन्ही टायमाला परत धरलं. दोघं एकदम गेलो तर आईला जाऊन सांगनारं कोनीच न्हाई, म्हनून धरलं म्हनला."

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"आईला हे कधी सांगू नका," गोलकीपर म्हणाला. "माझ्यावरचं तिनं परतवलं, ते दादाकडं निघालं व्हतं, हे तिला कळलं तर ती जगायची न्हाई."

मी विज्ञान शिकलेला माणूस, कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. पण त्या दुपारी फोनसमोर उभा असताना मला ते अक्षरशः तसंच झालेलं वाटलं, आणि ते कोणत्या वाटेनं तिकडं गेलं तेही मला माहीत होतं. मी त्याला म्हणालो, नाही सांगणार. त्या रविवारी मोठ्यानं बूथवर फोन केला. माउलीनं त्याला विचारलं, बाबा, मागच्या रविवारी कामात होतास का? तो म्हणाला, "हाव आई, कामात होतो."